नर्मदेकाठी पहिली रात्र: तंबू, गळ आणि एक काठी

शनिवारी दुपारी इंदूरहून निघायचं, संध्याकाळी नर्मदेकाठी तंबू ठोकायचा, गळ टाकून बसायचं आणि रविवारी जेवायला घरी. दर हिवाळ्यात आमच्या रामबागेतलं कुणी ना कुणी विचारायला येतं, "काका, काय काय न्यायचं?" यादी सगळ्यांना हवी असते. तंबू कुठे ठोकायचा, हे मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही. यादीतलं काही विसरलं तर रात्र थोडी अडचणीत जाते, बस. जागा चुकली तर काय होतं, ते मी एकदा मध्यरात्री गुडघाभर पाण्यात उभं राहून शिकलो आहे. म्हणून यादी नंतर.

कुठे आणि कधी

नवख्यांनी पहिल्या खेपेला बडवाह-मोरटक्क्याचा टापू धरावा. तेजाजी नगर, सिमरोल, भेरू घाट, चोरल, बलवाडा, बडवाह असा हा खंडवा रोड, सारा मिळून ६०-६५ किलोमीटर. घाट उतरलात की माळवा संपून निमाड लागतो आणि इंदूरपेक्षा हवा उबदार होते. डिसेंबरातही दुपारी स्वेटर काढावासा वाटतो. पहाटे मात्र नदीवरून जे धुकं येतं, ते पार हाडांत शिरतं. एक गोष्ट ध्यानात ठेवा: बडवाह उत्तर तीरावर, खरगोन जिल्ह्यात, पूल ओलांडून मोरटक्क्याला गेलात की खंडवा जिल्हा. त्यामुळे काही विचारायचं असेल तर कुठल्या जिल्ह्यातल्या कचेरीत, हे तुम्ही कुठल्या काठावर बसणार त्यावर ठरतं.

'कॅम्पग्राउंड' हा शब्द ऐकून डोळ्यांपुढे झोपाळे आणि बार्बेक्यू आणू नका. तसं हवं असेल तर हनुवंतियाला जा, तिथे सगळं तयार मिळतं. आपल्याकडचा सार्वजनिक तळ म्हणजे घाटापासून थोडं वर परिक्रमावासींसाठी घातलेलं पत्र्याचं छप्पर, शेजारी हातपंप, एखादा ओटा, एखादं वडाचं झाड. भाडं नाही, आरक्षण नाही, वीज असली तर एक दिवा. कार्तिकातल्या एकादशीनंतर परिक्रमा सुरू होतात, तेव्हा त्या छपरावर पहिला हक्क परिक्रमावासींचा. आपण बाजूच्या मोकळ्या जमिनीवर, आणि तेही विचारून. विचारायचं कुणाला? आश्रम असेल तर तिथल्या बाबांना, नसेल तर सरपंचांना, शेत असेल तर शेतकऱ्याला. आधी "नर्मदे हर" म्हणा. त्या काठावर हा नमस्कारही आहे आणि ओळखपत्रही. आणखी एक: जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पंचायतीत नावं आणि गाडीचा नंबर देऊन ठेवला तर रात्री टॉर्च मारत कुणी चौकशीला येत नाही. वनविभागाची पाटी दिसली तर परवानगीशिवाय मुक्काम नाही आणि आग तर नाहीच. चोरलपासून बडवाहपर्यंतच्या जंगलात बिबटे आहेत.

मुक्कामाचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नदीत मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ; नियम मोडला तर दंडही आहे आणि कैदही. आमची आजी श्रावणात घरात मासळी येऊ देत नसे, तेही साधारण याच दिवसांत. फक्त इंदुरात श्रावण दोन असतात: शेजारच्या शर्मांचा आधी लागतो, आपला पंधरा दिवसांनी. सरकारची तारीख मात्र दोघांना एकच. १५ ऑगस्ट उलटला म्हणून लगेच धावू नका. २०२३ च्या सप्टेंबरात नर्मदेला एवढा पूर आला की मोरटक्क्याचा पूल वाहतुकीला बंद करावा लागला होता. दसऱ्यापर्यंत नदीला तिच्या वाटेनं जाऊ द्या.

कुठे गळ टाकायचा नाही

ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर इथल्या घाटांवर गळ काढूसुद्धा नका. लोक तिथे कणकेच्या गोळ्या माशांना खाऊ घालतात. गोळी तीच, पण घाटावर ती पुण्याची आणि तुमच्या हातात आमिषाची, हा फरक तिथल्या माणसाला समजावायला जाऊ नये. १ एप्रिल २०२५ पासून या तिन्ही गावांत दारूबंदीही आहे, तेव्हा "रात्रीची सोय" गाडीत घालून निघणाऱ्यांनी आधीच घरी बसावं. खरं तर कुठल्याच काठावर ती सोय नको. अंधार, ओले खडक आणि खोल पाणी यांत चौथी गोष्ट मिसळायची नसते. नर्मदा जयंतीला, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीला, काठोकाठ दिवे सोडले जातात. त्या दिवशी गळ घरी ठेवून दिवे बघायला जा.

घाटापासून, मंदिरापासून आणि जिथे बायका पाणी भरतात त्या जागेपासून चांगलं दूर जाऊन बसा. धरणांच्या जलाशयात मासेमारीचे हक्क ठेक्यानं किंवा सहकारी संस्थांना दिलेले असतात, तिथे आपण हौशी म्हणून घुसायचं नाही. वाहत्या नदीवरही निघण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्य विभागात एकदा विचारून घ्या. फोनवर बहुतेक सरळ उत्तर मिळतं. आणि काठावर केवट किंवा कहार जाळं लावून बसला असेल तर त्याच्या जाळ्याच्या वरच्या अंगाला गळ टाकू नका. त्याचं ते पोट आहे, आपला शनिवार आहे.

जागा, आणि ती काठी

आता मुख्य गोष्ट. मोरटक्क्याच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वरचं धरण आहे, ५२० मेगावॉट विजेचं. त्याच्याही वर इंदिरा सागर, १००० मेगावॉटचं. वीज लागली की जनित्रं फिरतात, जनित्रं फिरली की खाली पाणी सुटतं. यासाठी पाऊस लागत नाही. आकाश निरभ्र, चांदणं पडलेलं, वारा नाही, आणि नदी मात्र गुपचूप वर चढते आहे, असं होऊ शकतं. २००५ च्या एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात, देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावास्येच्या मेळ्यात असंच पाणी चढलं आणि कित्येक भाविक वाहून गेले. आता पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजतो. तो ऐकू आला तर विचार करत बसायचं नाही, सामान सोडून वर जायचं. पण तो ऐकू येईलच, या भरवशावर झोपायचंही नाही.

मग जागा कशी ओळखायची? पाण्याकडे पाठ करून उभे राहा आणि काठ वाचा. झुडपांत अडकलेला काडीकचरा, प्लॅस्टिक, वाळलेलं शेवाळ कुठवर आहे? ती पाण्याची जुनी रेघ. ओली, घट्ट, सपाट रेती दिसली तर ती काल-परवाच पाण्याखाली होती. तंबू जुन्या रेघेच्याही वर, जिथे गवत मुळं धरून उभं आहे आणि माती पायाखाली कोरडी आहे तिथे. नदीत बेट दिसतं, सुंदर दिसतं, फोटो छान येईल असं वाटतं. नको. पाणी चढलं की बेटाचा आधी रस्ता जातो, मग बेट. नाल्याच्या तोंडाशीही नको.

आमची चूक नेमकी हीच. तिघं मित्र, नवा कोरा तंबू, पाण्यापासून दहा पावलांवर मऊ रेती. गादीच जणू. रात्री तीनच्या सुमाराला माझ्या पायाला गार लागलं. मला वाटलं पाण्याची बाटली सांडली. उठून टॉर्च लावला तर आमच्या चपला दारातून निघून गेल्या होत्या आणि कुकर त्यांच्या मागे चालला होता. कुणाला दोष द्यायचा? संध्याकाळी एका केवट दादांनी "वर सरका" म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही हसून मान हलवली होती.

तेव्हापासून मी काठी रोवतो. पोहोचल्यावर पहिलं काम हेच, तंबूच्याही आधी. हातभर लांब काठी घ्यायची, चाकूनं बोटाबोटावर खाचा पाडायच्या आणि पाणी जिथे जमिनीला टेकतं तिथे रोवायची. तासाभरानं बघायचं. एक-दोन खाचा वरखाली झालं तर ठीक. तासात चार खाचा चढलं तर सगळ्यांना उठवून सामान वर न्यायचं, मग कितीही शिव्या खाव्या लागोत. रात्री एकदा गजर लावून उठा आणि काठी बघून या. पहारा म्हणून नको वाटत असेल तर लघवीला उठलोच आहोत म्हणून बघा.

रेतीचे ट्रक जातात तो काठही टाळा. रेती उपसलेल्या जागी पाण्याखाली खड्डे होतात. वरून पाणी घोट्याएवढं दिसतं आणि पुढचं पाऊल डोहात. पोहणं या सहलीत नाहीच. नर्मदेत मगरी आहेत, आणि संध्याकाळनंतर पाण्याच्या कडेला बसून भांडी घासणं ही सगळ्यांत वाईट सवय. बादली भरून वर आणा, तिथे घासा.

तंबू

दोघांना तीन माणसांचा तंबू घ्या. डब्यावर लिहिलेला आकडा अंगाला अंग लावून झोपणाऱ्यांचा असतो. रेताड जमिनीत खुंट्या टिकत नाहीत, जराशा वाऱ्यानं उपटतात. किराण्याच्या कापडी पिशव्या न्या, त्यांत रेती भरा, दोरी बांधा आणि पिशवी वीतभर खोल पुरा. बैलानं ओढली तरी निघणार नाही. तंबूखाली ताडपत्री घाला, पण तिची कड तंबूच्या बाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दव तिच्यावर साचून आत येतं. थंडी वाजते म्हणून खिडक्या पूर्ण बंद केल्या तर पहाटे आपल्याच श्वासाचं पाणी छतावरून तोंडावर टपकतं. दोन बोटं फट ठेवा. चेन मात्र शेवटपर्यंत लावा. मण्यार रात्री फिरते, आणि जमिनीवर उघड्यात झोपलेल्यांना तिचे दंश अधिक होतात. दुखतही फारसं नाही, म्हणून माणूस परत झोपतो. साप चावला तर कापाकापी नाही, चोखणं नाही, बुवा नाही. अवयव हलवायचा नाही आणि थेट बडवाहच्या सरकारी दवाखान्यात. १०८ ला फोन लावा, पण तुमची गाडी उभी असेल तर वाट बघत बसू नका. गाडी म्हणूनच रात्री तोंड रस्त्याकडे करून लावायची.

गळ

दुकानदार पाच हजारांचा रॉड दाखवेल. पहिल्या खेपेला दहा-बारा फुटांची चिवट बांबूची काठी पुरते. तिच्या शेंड्याला काठीएवढीच लांब नायलॉनची दोरी, ०.३० मिलिमीटर जाडीची. गळ ८ नंबरचा. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांना उलटं वाटतं. गळापासून वीतभर वर ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं, आणि त्याच्या वर तरंगायला बुचाचा तुकडा किंवा मोरपिसाची दांडी.

गाठ एकच शिका. दोरी गळाच्या डोळ्यातून ओवा, सुटं टोक मूळ दोरीभोवती पाच वेळा फिरवा, मग ते टोक डोळ्यालगतच्या छोट्या फाशातून घाला. ओढण्याआधी थुंकी लावा. कोरडी ओढलीत तर नायलॉन घासून गरम होतं आणि नेमक्या मोठ्या माशाच्या वेळी तुटतं. घरी टीव्ही बघता बघता वीस वेळा बांधा. काठावर, थंड बोटांनी, टॉर्चच्या उजेडात शिकायची ही गोष्ट नाही.

आमिष: कणकेत थोडं भाजलेलं बेसन आणि चिमूटभर हळद, घट्ट मळून. त्यात कापसाचे धागे कालवा, म्हणजे गोळी पाण्यात लगेच विरत नाही. गोळी हरभऱ्याएवढी. गांडूळ मिळालं तर उत्तम. शिंगटी आणि वाम त्यालाच येतात.

कुठे टाकायचा? उघड्या, सरळ वाहत्या पाण्यात माशाला उभं राहायला कष्ट पडतात. तो खडकाच्या आडोशाला असतो, जिथे धार वळसा घेते तिथे, नाल्याचं पाणी मिळतं तिथे, पाण्यावर वाकलेल्या झाडाच्या सावलीत. वेगाचं आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं, ती रेघ डोळ्यांना दिसते. संथ बाजूला गळ सोडा. वेळ सूर्योदयापासून दोन तास आणि मावळतीच्या आधीचे दोन. भर दुपारी बसायचं तर पुस्तक घेऊन बसा. बूच थरथरलं की ओढू नका, मासा चाखतो आहे. ते तिरकं होऊन सरळ खाली गेलं की मनगटानं हलका झटका द्या. खांद्यानं दिलात तर मासा झाडावर जातो, किंवा गळ शेजाऱ्याच्या कानात. टाकण्याआधी मागे बघायची सवय पहिल्या मिनिटापासून लावा. मुलं बरोबर असतील तर त्यांना पाण्याच्या कडेला एकटं बसवू नका, आणि सगळ्यांनी टोपी-चष्मा घाला.

बहुधा चिलापी लागेल, किंवा शिंगटी. शिंगटीला गालामागे दोन्हीकडे आणि पाठीवर काटे असतात, आणि ती धरताना ते ताठ करते. फडक्यानं, काट्यांच्या मागून धरा. टोचलंच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात धरा, ठणका कमी होतो, मग दवाखाना. नशीब असेल तर रोहू किंवा मृगळ.

आणि फारच नशीब असेल तर बाडस, म्हणजे महाशीर. मोठाले सोनेरी-हिरवट खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. मिशा सायप्रिनसलाही (कॉमन कार्प माशालाही) असतात, पण त्याच्या पाठीवरचा पर लांबच लांब पसरतो, महाशीरचा आखूड असतो. हा २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्य मासा. त्याला अंडी घालायला वाहतं, स्वच्छ पाणी आणि गोटे लागतात, विणीला तो वरच्या अंगाला चढतो. धरणांनी वाट अडली, रेतीच्या उपशानं तळ गेला, आणि वर सुरुंग लावून मासे मारणारे आहेतच, जो १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. बडवाहला वनविभागानं त्याची कृत्रिम पैदास करून पाहिली आहे, यावरूनच समजा. तेव्हा महाशीर लागला तर सोडायचा. हात आधी ओले करा, कल्ल्यांत बोटं घालू नका, पाण्याबाहेर दम धरता येईल तेवढाच वेळ ठेवा. गळ खोल गेला असेल तर दोरी कापा. मग त्याचं तोंड धारेकडे करून पाण्यात अलगद धरा. तो स्वतःहून शेपटी मारून जाईल, तोवर हात काढू नका.

रात्रीचं जेवण

मासा मिळेल या भरवशावर जेवण ठरवू नका. बटाटे, वांगी, कणीक, तूप, डाळ घ्या. निखाऱ्यात बाट्या लावल्या की कुणी उपाशी राहत नाही. मासा मिळाला तर हळद, मीठ, लसूण, आणि कुणी काहीही म्हणो, वरून चिमूटभर जीरावण, म्हणजे आपला पोह्यांवरचा मसाला. पोह्यांखेरीज ते कुठे चालतं, तर इथे. मासा घाटाजवळ साफ करायचा नाही. आतडी-खवले पाण्यात टाकायचे नाहीत, तंबूजवळही नाहीत. लांब खड्डा करून पुरा, नाहीतर रात्री कोल्हे-कुत्री आणि नदीकडून नको ते पाहुणे येतात.

चूल शक्यतो स्टोव्हची. लाकूड जाळायचंच तर पडलेलं, आणि विझवताना पाण्यानं विझवा. निखारे रेतीत पुरून झोपलात तर रेती वरून गार आणि आतून सकाळपर्यंत तापलेली राहते. अनवाणी पाय पडला की कळतं.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर घरून. संपलं तर हातपंपाचं, उकळून. साबण नदीत नाही. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, वीतभर खड्डा, वर माती. एक खुरपी याच कामासाठी वेगळी ठेवा आणि तिच्या दांड्याला लाल चिंधी बांधा. का, ते आमच्यातल्या एकानं त्याच खुरपीनं बाटी उलटली तेव्हा कळलं.

आता ती यादी

तंबू, ताडपत्री, रिकाम्या पिशव्या, पंधरा मीटर जाड दोरी, डोक्याला लावायचे दोन टॉर्च, चाकू, पक्कड (गळ काढायला), फडकी, मोजे, कानटोपी, प्रथमोपचार, ओडोमॉस, कचऱ्याची मोठी पिशवी. नावेत बसणार असाल तर लाइफ जॅकेट. नावाड्याकडे असेलच असं धरू नका. मोबाइल काही वळणांवर लागत नाही, म्हणून घरी जागा आणि परतायची वेळ सांगून निघा. सेव आणि भाजके शेंगदाणे यादीत लिहावे लागत नाहीत, इंदूरचा माणूस ते घेतोच.

सकाळी निघताना कचरा पिशवीत, तुटलेली दोरी तर वेचून वेचून. पक्ष्यांचे पाय तिच्यात अडकतात. काठी उपटून घ्या, पुढच्या खेपेला खाचा पाडायला नकोत. ज्यांनी जागा दाखवली त्यांना निरोप देऊन निघा. बाटीची कणीक, तूप उरलं असेल तर परिक्रमावासींना शिधा म्हणून विचारा. मासळीच्या भांड्यातलं मात्र काही नको.

घरी पोहोचल्यावर झोप येईल. तरी आधी तंबू गॅलरीत उलटा टांगा. दवानं भिजलेला तसाच घडी करून माळ्यावर टाकलात तर दोन आठवड्यांत काळी बुरशी धरते आणि तो वास कशानंही जात नाही. उरलेलं आमिष डिकीतून काढायलाही विसरू नका. माझ्या गाडीत ते एकदा आठवडाभर राहिलं होतं, आणि मधल्या बुधवारी त्याच गाडीतून व्याहींना स्टेशनवर सोडायचं होतं.